कारणाचा रकाना

मला विचाराल तर गाडीला चार-चार स्वभाव असायची काही गरज नाही. माणसाला एक धड सांभाळता येत नाही. पण आमच्या नव्या विजेच्या गाडीच्या स्टिअरिंगवर एक गोल बटण आहे. ते फिरवलं की गाडी शहरी होते, मग प्रवासी, मग स्पोर्ट, मग ट्रॅक. शहरीवर ती नव्या सुनेसारखी हळू चालते आणि ट्रॅकवर टाकली की तिच्या अंगात येतं. साडेसहाशे घोड्यांची ताकद, आणि आवाज म्हणाल तर फ्रिजएवढा.

मी राइनहोल्ड गेकले. इथे दक्षिण जर्मनीत, आल्बच्या पठारावर आमच्या कंपनीचा चाचणीचा रस्ता आहे, त्यावर सदतीस वर्षं गाड्या पळवतोय. नवी गाडी आली की आधी आम्ही चार चालक तिला पिळून काढतो आणि मग फॉर्म भरतो. फॉर्मवर एक ते दहा गुण असतात आणि त्याखाली एक मोठा चौकोनी रकाना: कारण. तो रकाना मी आजवर भरलेला नाही. आकडा दिला ना, मग वर निबंध कशाला? बाकीचे तिघंही तसेच. आम्हा इथल्या श्वाबेन लोकांत म्हणच आहे, ओरडलं नाही म्हणजे कौतुक झालं.

आता पुढचं सांगतो, ते मी मार्चपासून कुणालाही सांगितलं नव्हतं. रस्त्यावर जंगलाच्या बाजूला एक वळण आहे. लांब उतार, आणि तळाशी एकदम उजवीकडे. इंजिनाच्या गाडीत तिथे मला डोळ्यांची गरजच पडत नसे. इंजिनाचा सूर चढत-चढत एका ठिकाणी आला की पाय आपोआप ब्रेकवर जायचा. मार्चमध्ये ही मुकी गाडी घेऊन मी त्या उतारावर आलो आणि सुराची वाट बघत राहिलो. सूर काही आला नाही, वळण आलं. गाडी सरळ बाहेरच्या खडीच्या पट्ट्यात गेली. मला खरचटलंसुद्धा नाही.

मग मी काय केलं? तिथल्या पेटीतला झाडू काढला, रस्त्यावर उडालेली खडी नीट झाडून परत पट्ट्यात लोटली, चाकांच्या वर अडकलेले खडे बोटांनी उपसले आणि मुकाट्यानं परत आलो. नोंद केली नाही. सांगायचं तरी काय, की गेकलेला आता वळण कळत नाही? त्यानंतर मी त्या उतारावर वेळेआधीच ब्रेक मारायला लागलो. कुणी विचारलं तर टायर गार आहेत म्हणायचं. मनात ठरवलं होतं, नाताळपर्यंत रेटायचं आणि मग गुडघेदुखीचं निमित्त काढून घरी बसायचं.

तेवढ्यात ही मेर्ले एसर आली. तिशीतली, कोलोनची. गाडीला आवाज देणं हे तिचं काम. कोलोनची माणसं तोंडानं किती सढळ असतात ते मी सांगायला नको. ही बेकरीतल्या बाईला 'राणी' म्हणते. पहिल्या दिवशी कॅन्टीनमध्ये शेवयांवर वाढलेली मसूर खाऊन म्हणाली, "अहाहा, काय सुंदर झालीय, जीव ओवाळून टाकावा." स्वयंपाकीण दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. तिला वाटलं, पोरगी टर उडवतेय.

मेर्लेची नोकरी तीन महिन्यांच्या बोलीवर होती आणि ते महिने जूनअखेर संपत होते. विक्री विभागाच्या फाइट होल्त्सवार्टला तिचा आवाज नकोच होता. त्याला हवा होता आमच्याच जुन्या सहा सिलिंडरच्या इंजिनाचा, संग्रहात ठेवलेला. "गिऱ्हाइकाच्या छातीत धडधडायला पाहिजे," असं तो येता-जाता म्हणायचा. निकाल जूनमधल्या एका गुरुवारी लागणार होता, आणि तो लावणार होत्या आमच्या विभागप्रमुख डॉक्टर आइझेले. होल्त्सवार्टचं इंजिन घेतलं तर मेर्लेचं काम तिथेच संपलं, जुनी ध्वनिफीत लावायला पगारी माणूस कोण ठेवतो? तिच्या घरात सामानाची खोकी तशीच बांधलेली होती. नोकरी पक्की झाली की उघडीन, म्हणायची.

त्या आठवड्यात सोमवारी सकाळी ती माझ्या शेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली. ती मला हेर गेकले म्हणते, म्हणजे गेकलेसाहेब.

"हेर गेकले, आवाज कशाचा आहे ते आधी सांगू?"

"नको. कान आहेत मला."

"बरं बाई, आहेत. पट्टा लावा."

मी बटण स्पोर्टवर नेलं. गाडीचं अंग आवळल्यासारखं झालं, पॅडलला पाय लागताच ती पुढे झेपावली, आणि आतून एक गुणगुण सुरू झाली. इंजिनासारखी अजिबात नाही. खालून येणारी, ताणलेली. वेग वाढवला तरी ती फारशी वाढेना. मी म्हटलं, झालं, बिघडलंय काहीतरी. पण पहिल्या वळणात गाडी घातली आणि गुणगुण चढली. सरळ रस्त्यावर उतरली, ब्रेक मारला तशी पुन्हा चढली. दुसऱ्या वळणात मी मुद्दाम जोरात वळलो, तर सूर वर गेला आणि त्याच्या कडा फाटल्या, माणसाचा घसा बसावा तसा. मी हात सैल केला, सूर पुन्हा स्वच्छ झाला.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"आता सांगू ना?" ती हसली. "माझे आजोबा नावाडी होते. आमच्या गावाजवळ नदीवर लोखंडी दोर बांधलेला आहे आणि नाव त्या दोराला अडकवलेली. वल्हं नाही, इंजिन नाही. पाणीच तिला ढकलत पलीकडे नेतं. दोरावर ताण आला की तो असा गुणगुणतो. आजोबा डोळे मिटून सांगायचे, आज नदी किती ओढतेय. त्या दोराला माइक लावून मी महिनाभर बसले होते."

"म्हणजे हे इंजिन नाहीच?"

"गाडीत इंजिन नाही, मग मी खोटं कशाला बोलू? टायरांनी रस्ता किती घट्ट धरलाय, तेवढंच हा दोर सांगतो. पकड संपत आली की घोगरा होतो."

तेवढ्यात समोर जंगलाचा उतार आला होता. तीन महिने मी इथे वेळेआधीच ब्रेक मारत आलो होतो. आजही पाय तिकडेच निघाला. मग मी पायाच्या टोकानं ब्रेकला थोडं विचारलं, दोरानं उत्तर दिलं, की अजून खूप आहे. मी अजून थांबलो. पुन्हा विचारलं, पुन्हा उत्तर. आणि मग पूर्ण ब्रेक, उजवीकडे हात, आणि गाडी वळणातून अशी गेली की जणू रुळावर ठेवली असावी. अकरा फेऱ्या मारल्या. मेर्ले सातवीनंतर हिरवी पडली होती, तरी थांबा म्हणाली नाही. मला काय झालं होतं ते सरळच सांगतो, मी सुखात होतो.

खाली उतरल्यावर तिनं विचारलं, "कसा वाटला?"

मी हातमोजे काढले, त्यांची घडी केली आणि म्हणालो, "चालेल."

फॉर्मवर सात लिहिलं, सही केली आणि जेवायला गेलो.

मंगळवारी मला रजा होती. बुधवारी सकाळी त्याच गाडीत बसलो, बटण स्पोर्टवर नेलं, आणि कानाशी सहा सिलिंडर गर्जायला लागले. वेग वाढला तसे गिअर बदलल्याचे झटकेही ऐकू आले, गाडीत गिअर नसताना. आवाज दणदणीत होता, नाकारत नाही. पण जंगलाच्या उतारावर त्याला मी ब्रेकनं विचारलं, तर तो आपला गर्जतोच आहे. भाषण करणाऱ्या पुढाऱ्याला वेळ विचारावी तसं. मी उतार अर्धाही संपायच्या आत ब्रेक मारला आणि तडक मेर्लेच्या खोलीत गेलो. ती वायरी गुंडाळत होती.

"दोर कुठाय?" मी विचारलं.

"काढला."

"कुणी सांगितलं काढायला?"

"तुम्ही."

"मी? मी कधी?"

"हेर गेकले, तुम्ही इथले सगळ्यांत जुने चालक. तुमच्यासाठीच केला होता तो. आणि तुम्ही म्हणालात, चालेल." तिनं तो शब्द असा उच्चारला, जशी ताटात पडलेली माशी उचलावी. "आणि सात. आठच्या खाली आलं की विक्रीवाले फाइल परत पाठवतात, नवा नियम आहे. होल्त्सवार्ट म्हणाला, बघ, तुझ्या माणसालासुद्धा पटलेलं नाही. मग मीच म्हटलं, लावा तुमचं इंजिन. त्याला ती पडत्या फळाची आज्ञाच."

"अगं, पण सात म्हणजे..." मी खुर्ची ओढून बसलो. "सात माझ्याकडे वरचा आकडा आहे. त्याच्या वर मी कधी गेलोच नाही. सगळ्या जगानं डोक्यावर घेतलेली आमची ती गाडी आहे ना, तिला सहा दिले होते."

"आणि चालेल?"

"चालेल म्हणजे चालेल. म्हणजे... याच्यापुढे शब्द नाही आमच्याकडे. लग्नात मुलीच्या बापाला जावयाबद्दल विचारलं तर तो हेच म्हणतो."

तिनं वायरीचं भेंडोळं खाली ठेवलं. "आमच्याकडे मुलीचा बाप असं म्हणाला तर लग्न मोडतं." मग हसली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. "दोन दिवस झोपले नाही मी. तुमच्या तोंडाला कुलूप आहे का हो? अकरा फेऱ्या मारल्यात, एक शब्द जास्त बोलला असतात तर काय जीभ झिजली असती?"

पोरगी बरोबर बोलत होती. फॉर्म गुरुवारी सकाळपर्यंत बदलता येतो, तेवढं तिला सांगितलं आणि बाहेर पडलो.

घरी जेवताना बायकोला, गुद्रुनला, सगळं सांगितलं. म्हणजे आकड्याची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "मग नऊ लिही आणि मोकळा हो."

"नुसते नऊ लिहून भागणार नाही. सोमवारी सात, गुरुवारी नऊ, होल्त्सवार्ट म्हणेल पोरीनं म्हाताऱ्याला गुंडाळलं. कारण लिहावं लागेल."

"लिही मग कारण."

मी पाव कुस्करत बसलो. कारण लिहायचं म्हणजे खडीचं लिहायचं. आणि खडीचं लिहिलं की त्याच दिवशी मला रस्त्यावरून उतरवणार, तसा नियमच आहे.

गुद्रुननं बशी बाजूला सारली. "राइनहोल्ड, मार्चपासून तू गाडी चालवताना रेडिओ लावत नाहीस. हायवेवर कान टवकारून बसतोस. मला वाटलं, सांगशील कधीतरी. घाबरलायस ना?"

सदतीस वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "हो."

"मग हेच लिही," ती म्हणाली आणि उठून कॉफी ठेवायला गेली.

गुरुवारी सकाळी बैठकीच्या खोलीत आठ-नऊ जण होते. आम्ही चारही चालक भिंतीकडेला, मेर्ले टेबलाच्या टोकाला, होल्त्सवार्ट नव्या कोटात. मी नवा फॉर्म डॉक्टर आइझेलेंच्या हातात दिला. त्या आमच्याच गावच्या, शब्दांनी बोलणाऱ्या नव्हेत, मानेनं बोलणाऱ्या. मला वाटलं होतं, मनातल्या मनात वाचतील. त्यांनी चष्मा लावला, आकडा बघितला, खालचा रकाना बघितला, आणि मोठ्यानं वाचायला लागल्या.

"गुण, नऊ. कारण. मार्चमध्ये आवाज नसलेल्या गाडीत मी जंगलाच्या वळणावर खडीत गेलो. नोंद केली नाही, खडी झाडून टाकली. तेव्हापासून मला त्या वळणाची भीती वाटते. सोमवारी दोराच्या आवाजावर मी तिथून अकरा वेळा गेलो आणि एकदाही भीती वाटली नाही. सात दिले कारण मला जास्त देता येत नव्हते. ती चूक माझी आहे, आवाजाची नाही. राइनहोल्ड गेकले."

माझे कान तापले होते. मी समोरच्या खिडकीकडे बघत होतो.

होल्त्सवार्टनं घसा साफ केला. "हेर गेकलेंबद्दल आदर आहेच. पण एका वयस्क चालकाला जमलं नाही, म्हणून गाडीचा आवाज ठरवायचा का?"

हे मला लागलं, पण तो म्हणाला ते मी स्वतःच लिहून दिलं होतं.

मेर्ले उठली. "ते वयस्क नाहीत, ते खरं बोललेत," ती म्हणाली. "माझा आवाज नाही घेतला तरी चालेल मला, पण त्यांना असं..."

"एप्रिलमध्ये," भिंतीकडून कुणीतरी म्हणालं.

तो आल्फोन्स होता. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, दर वर्षी सगळ्यांत वेगवान फेरी त्याचीच. तो बुटांकडे बघत होता.

"एप्रिलमध्ये मी पण," आल्फोन्स म्हणाला. "त्याच वळणावर. दोनदा."

"आणि नोंद?" डॉक्टर आइझेलेंनी विचारलं.

"झाडून टाकलं."

मग आमच्यातला तिसरा, ज्यानं पंचवीस वर्षांत बैठकीत जांभई सोडून काही दिलं नव्हतं, त्यानं हात वर केला. त्याच्या बाजूच्या, चौथ्या आणि सगळ्यांत तरुण चालकाकडे आम्ही बघायला लागलो, तर तो पोरगा म्हणाला, "मला वाटलं फक्त मलाच होतंय. म्हणून मी दुसऱ्या नोकरीचे अर्ज लिहायला घेतले होते."

डॉक्टर आइझेलेंनी चष्मा काढला. "मी मे महिन्यात पाहणीला गेले होते," त्या म्हणाल्या. "तेव्हा मनात आलं होतं, हे एकच वळण इतकं लख्ख कसं?" आणि मग त्यांना हसू आलं. मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघितलं. पण ते लगेच गेलं. "चार चालक. चौघंही खडीत. चौघंही मूग गिळून बसलेत. आणि मी हीच गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात देणार होते."

होल्त्सवार्ट टेबलावरचे कागद सरळ करत होता. माणूस वाईट नाही. तो सावकाश म्हणाला, "माझ्या बायकोनं बुक केलीय ही गाडी." मग त्यानं मेर्लेला विचारलं, "तो दोर पुन्हा घालायला किती वेळ लागतो?"

"दहा मिनिटं," मेर्ले म्हणाली.

"घाला," डॉक्टर आइझेले म्हणाल्या. "स्पोर्टवरही आणि ट्रॅकवरही. शहरी आणि प्रवासीवर किती ठेवायचा ते तुम्ही ठरवा, घाई नाही, पुढचं वर्ष आहे तुमच्याकडे. इंजिन ज्याला हवं त्याला वेगळं देऊ. तुम्ही चौघंही पंधरा दिवस रस्त्यावर नाही. कान तपासून घ्या, डोळे तपासून घ्या. गेकले, तोवर तुम्ही फ्राऊ एसरच्या शेजारी बसायचं आणि काय ऐकू येतं ते सांगायचं. तोंडानं."

पुढचं वर्ष हा शब्द मेर्लेला जरा उशिरा कळला. कळला तेव्हा ती मटकन खाली बसली. मी टेबलाला वळसा घालून तिच्यापाशी गेलो. सगळे बघत होते. तरी ठरवलं होतं ते सगळ्यांसमोर म्हणालो.

"पोरी, फार सुंदर केलंयस तू. मला माझं काम परत दिलंस."

ती रडली. कोलोनची माणसं त्यातही हात आखडत नाहीत. मीही थोडा रडलो असेन, आल्फोन्स तसं सगळ्यांना सांगतो.

मग आल्फोन्सनं डॉक्टर आइझेलेंकडे कोरा फॉर्म मागितला. एप्रिलचा लिहून देतो म्हणाला. मग तिसऱ्यानं मागितला, मग पोरसवदा चालकानं दोन. तिघंही टेबलाशी वाकून त्या रकान्यात लिहीत बसले, आणि रकाना पुरेना. आल्फोन्सनं कागद उलटा करून मागच्या बाजूला सुरुवात केली आणि मान वर न करता विचारलं, "फेब्रुवारीतलं पण लिहू का?" डॉक्टर आइझेले उठल्या आणि आणखी फॉर्म छापायला स्वतः यंत्राकडे गेल्या.